गरम लाइन कुठून गेलीय?

वसईत थंडी पडते ती मुख्यतः वर्तमानपत्रात. डिसेंबरात एखाद्या पहाटे पारा 17-18 वर आला की दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी शेकोटीभोवती बसलेल्या चार जणांचा फोटो छापून येतो आणि तो बघून आम्ही कानटोप्या शोधायला लागतो. प्रत्यक्ष थंडीला शहरात शिरायला वाव कमीच. सकाळच्या विरार लोकलमध्ये तर तिला चौथी सीटसुद्धा मिळणार नाही.

माझी भाची टोरांटोला असते. तिथे भाड्याचं घर हिवाळ्यात किमान 21 अंशांवर ठेवणं घरमालकाला महापालिकेच्या नियमानं बंधनकारक आहे. आमच्याकडे 21 अंश झाले की शेजारचे आजोबा मफलर गुंडाळून गॅलरीतून आत जातात आणि दार लावून घेतात. भाचीच्या तळघरात गॅसची भट्टी आहे. तिची गरम हवा पत्र्याच्या नळकांड्यांतून खोल्याखोल्यांत फिरते, आणि परवानाधारक तंत्रज्ञाशिवाय त्या भट्टीला कोणी हात लावायचा नाही. मध्यंतरी भट्टी रुसली. चांगला माणूस मिळवताना कशी दमछाक झाली ते तिनं फोनवर साग्रसंगीत सांगितलं आणि मग विचारलं, "मामा, तुमच्याकडे घराच्या हीटिंगचं कोण बघतं?"

"मे महिना," मी म्हणालो.

यात अतिशयोक्ती नाही. गच्चीवरची काळी टाकी मे महिन्यात अशी तापते की दुपारी गार पाण्याचा नळ सोडला तरी चटका बसतो. आंघोळीचं पाणी आदल्या रात्री बादलीत काढून निवत ठेवावं लागतं. उरलेल्या वर्षासाठी बाथरूमच्या दारावर, छताला टेकलेला, 15 लिटरचा एक पांढरा गीझर असतो. आमचं हीटिंगचं खातं ते एवढंच. पण हे खातं बंद पडलं की बोलवायचा माणूस मिळवणं टोरांटोपेक्षा सोपं आहे, असं भाचीनं समजू नये.

पूर्वी अशा माणसाची गरजच नसायची, कारण सगळा कारभार डोळ्यांसमोर चालायचा. पापडी, निर्मळ, आगाशी या बाजूच्या वाड्यांमधली जुनी घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना मागीलदारचा तांब्याचा बंब आठवेल. मधोमध धुराडं, खाली जाळी, जाळीवर विस्तव. जळण विकत घ्यायचं नाही. नारळाची सोडणं, करवंट्या, वाळक्या झावळ्या वाडीतच पडलेल्या. पाणी विहिरीचं, नाहीतर बावखलातलं. वरच्या नरसाळ्यात तांब्याभर गार पाणी ओतलं की तेवढंच कढत पाणी बाजूच्या तोटीतून बाहेर यायचं. सहा वर्षांच्या पोरालाही ते यंत्र समजायचं. विझला तर फुंकणी, गळला तर डाग. असे बंब घडवणारे तांबट पुण्याच्या कसब्यात, तांबट आळीत पेशव्यांच्या काळापासून ठोकाठोकी करत आले.

गंमत म्हणजे गीझर वेगळं काहीच करत नाही. त्याच्याही तळाशी गार पाणी शिरतं आणि ते वरचं गरम पाणी बाहेर ढकलतं. म्हणून तर गार पाण्याची लाइन बंद केली की टाकी काठोकाठ भरलेली असूनही गरम नळाला थेंब येत नाही. हे माहीत नसल्यानं "गीझर भरलेला आहे, मग पाणी का नाही?" या प्रश्नावर अनेक घरांत सकाळी मतभेद होतात. बंबाच्या काळात नरसाळं समोर होतं, त्यामुळे ओतल्याशिवाय येत नाही हे तत्त्व कोणाला पटवावं लागत नव्हतं.

विजेपेक्षा मोठा फरक पाडला तो भिंतीनं. 1990 मध्ये वसई-विरारचं नियोजन सिडकोकडे गेलं आणि त्याच सुमारास भाताच्या खाचरांत, मिठागरांच्या कडेला इमारती उगवायला लागल्या. 2009 मध्ये चार नगरपालिका आणि आसपासची गावं मिळून महानगरपालिका झाली, तोवर इथे माणूस मावेनासा झाला होता. 2011 च्या जनगणनेत 12 लाखांच्या वर डोकी मोजली गेली. एवढ्या घाईत घरं बांधताना बिल्डरांनी चावी दिली, पार्किंगचं तोंडी आश्वासन दिलं, गणपतीची फोटोफ्रेमही दिली. भिंतीत पाइप कुठून कुठे गेलेत याचा नकाशा मात्र दिला नाही. बहुधा त्यांच्याकडेही नव्हता. पाइप भिंतीत गाडले, वर फरशा लावल्या आणि याला 'कन्सील्ड फिटिंग' असं नाव देऊन चौरस फुटाचा भाव वाढवला.

तेव्हापासून हा नकाशा एका माणसाच्या डोक्यात राहतो. प्लंबर ठरवताना आपण त्याचे हात, त्याचा पाइप पाना आणि त्याची दुपारची वेळ विकत घेतो असं आपल्याला वाटतं. पैसे देतो ते खरं त्याच्या आठवणीचे.

तो सापडतो हार्डवेअरच्या दुकानात. वसईत कुठल्याही नाक्यावर असं एक दुकान असतंच: बाहेर पीव्हीसी पाइपांचा भारा उभा, दारात कमोडवर कमोड, आत शेठ, आणि शेठच्या मोबाइलमध्ये सगळ्या मिस्त्र्यांचे नंबर. कोण दारू पितो, कोण वेळेवर येतो, कोण कुठल्या बिल्डिंगचं काम सोडून पळाला, सगळी कुंडली शेठजवळ. तो नंबर देतो आणि वर सांगतो, "माणूस चांगलाय. फक्त फोन उचलत नाही."

काम सुरू झालं की घरमालकाची बढती होते आणि तो हमाल होतो. "काका, एक पाऊण बाय अर्धा रिड्यूसर, दोन ब्रास एल्बो, एक एमटीए, टेफ्लॉन टेप." हे पाठ करत माणूस दुकानात पोचतो. तिथे शेठ भर गर्दीत खणखणीत आवाजात विचारतो, "मेल पाहिजे का फिमेल?" मागे सोसायटीतल्या दोन वहिनी पेंटचा डबा घ्यायला उभ्या असतात. माणूस हळूच "मेल" म्हणतो, घरी येतो, तर कळतं की अर्धा इंच म्हणजे चार सूत आणि आणलाय तो सहा सुताचा. पुन्हा दुकान. प्लंबर तोवर स्टुलावर बसून आपल्याच घरचा चहा पितो आणि आपल्याच घरच्यांशी आपल्यापेक्षा मोकळेपणानं गप्पा मारतो.

आमच्या माणसाचं गाव ओडिशातलं केंद्रापाडा. देशातल्या कुठल्याही मोठ्या शहरात प्लंबरला गाव विचारा, हे उत्तर मिळण्याची शक्यता दाट. महानदीच्या मुखाशी असलेल्या या एका जिल्ह्यानं दिल्लीपासून आखातापर्यंत नळ जोडणारी माणसं पुरवली. त्यातल्या पट्टामुंडईला तर सरकारनं प्लंबिंग शिकवणारी खास संस्था काढली आहे. पूर आणि वादळं ज्यांच्या पाचवीला पुजलेली, त्यांना पाण्याची वाट ओळखता यायला लागली यात नवल नाही. भितरकनिकेच्या मगरीही त्याच जिल्ह्यातल्या. त्यांच्या शेजारी वाढलेल्या माणसावर आमचे सेक्रेटरी आवाज चढवतात, तेव्हा तो इतका शांत कसा राहतो याचा उलगडा मला तो जिल्हा नकाशात पाहिल्यावर झाला.

त्याला काम करताना बघणं हा एक कार्यक्रमच असतो. भिंतीत ड्रिल मारण्याआधी तो गीझर चालू करतो, गरम नळ सोडतो आणि पाच मिनिटं काहीच करत नाही. मग ओला हात पुसून तळवा फरशीवर टेकवतो आणि सावकाश वरून खाली, उजवीकडून डावीकडे फिरवत नेतो. एका जागी थांबतो. बोटानं खूण करतो. "गरम लाइन इधर से गया है." आपण हात लावून बघावा तर खरंच, त्या ओळीतल्या फरशा किंचित कोमट. शेजारची ओळ गार. आपल्याच बाथरूमचं हे आतलं अंग इतकी वर्षं आंघोळ करूनही आपल्याला ठाऊक नसतं.

गीझरखालच्या सेफ्टी व्हॉल्व्हची बारीक नळी टपकते, ही त्याच्याकडे येणारी सगळ्यात जास्त तक्रार. लोकांना ते लीकेज वाटतं. पाणी तापलं की फुगतं, आणि लाइनमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असेल तर त्या फुगलेल्या पाण्याला मागे जायला वाट नसते. मग ते थेंबथेंब इथून बाहेर पडतं. काही सद्गृहस्थ त्या नळीला बूच मारून ठेवतात आणि डोक्यावर वाफेचा बॉम्ब घेऊन निवांत आंघोळ करतात. आमचा माणूस असं बूच दिसलं की चिडतो. एरवी गीझरकडे बघून समाधानानं म्हणतो, "टपकने दो काका. टपकता है मतलब जिंदा है."

गीझर मरतो तो मात्र पाण्यामुळेच. आमच्याकडे येणाऱ्या पाण्याचा स्वभाव रोज बदलतो. नळाचं धरणाचं पाणी त्यातल्या त्यात मऊ. ते कमी पडलं की टँकर. टँकरचं पाणी बोअरचं किंवा कुठल्यातरी विहिरीचं, क्षारांनी जड. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या विहिरी असं पाणी विकून विकून खारट होत चालल्या म्हणून गावकरी रस्त्यावर आले; फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची हरित वसई संरक्षण समिती ज्या प्रश्नांवर भांडली त्यात हाही एक. तेच पाणी तापलं की त्यातले क्षार कॉइलवर बसत जातात. मागच्या खेपेला त्यानं आमची कॉइल बाहेर काढली तेव्हा ती पीठ जरा जास्तच झालेल्या कांदाभजीसारखी दिसत होती. आत मॅग्नेशियमचा एक दांडाही असतो. खारं पाणी टाकीचा पत्रा खायला निघालं की आधी त्या दांड्याला खातं. तो संपला की दुसरा घालायचा असतो. आपल्याकडे तो कोणी बदलत नाही, कारण तो तिथे आहे हेच कोणाला माहीत नसतं, आणि प्लंबर सांगतो तेव्हा आपल्याला वाटतं हा बिल फुगवतोय.

पाण्याच्या प्रवासाचं मला नेहमी हसू येतं. सूर्या नदीवरचं धामणी धरण, कवडासचा बंधारा, शुद्धीकरण, डोंगरातून काढलेला बोगदा, माणूस उभा राहील एवढे पाइप, काशिदकोपरचा जलकुंभ: एमएमआरडीएची ही 403 दशलक्ष लिटरची योजना, त्यातला 185 वसई-विरारचा वाटा, आणि 2023 च्या अखेरीस ते पाणी एकदाचं शहरात पोचलं. इतकं सगळं पार करून आलेलं पाणी आमच्या बाथरूममधल्या चार सुताच्या अँगल कॉकमध्ये वाळूच्या दोन कणांशी अडतं. मंत्रालयापर्यंत पाठपुरावा करून उपयोग नाही. तिथे सेफ्टी पिन लागते.

या सगळ्या भानगडींतून सुटलेलं गरम पाणी हवं असेल तर सरळ वज्रेश्वरी गाठावी. 1739 मध्ये वसईचा किल्ला पडला तर देवीचं देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी अप्पांनी केला होता, असं सांगतात. देऊळ उभं राहिलं, किल्ल्याची पडझड झाली, आणि तानसेच्या काठी अकलोली, गणेशपुरीला गरम पाण्याची कुंडं आजही चालू आहेत. व्हॉल्व्ह नाही, कॉइल नाही, थर्मोस्टॅट नाही. अर्थात रोज सकाळी 8.12 च्या लोकलआधी तिथे जाऊन येणं जमणार नाही, हा एक बारीक दोष.

गीझरइतकंच प्लंबरला बोलावण्याचं दुसरं मोठं कारण म्हणजे छतावरचा ओला डाग. असा डाग आला की वरचे गृहस्थ म्हणतात, आमचं बाथरूम कोरडं ठणठणीत आहे. खालचे म्हणतात, मग हे आकाशातून आलं का. सोसायटीच्या उपविधींत याची वाटणी करून ठेवलेली आहे: बाहेरच्या सामायिक पाइपाची आणि पावसाची गळती सोसायटीच्या खर्चानं, घरातल्या संडास-सिंकची गळती सभासदाच्या. पाण्याला उपविधी वाचता येत नाहीत. ते तिसऱ्या मजल्यावर शिरतं, बीमच्या अंगानं आडवं चालत जातं आणि ज्याचा काही संबंध नाही अशा दुसऱ्या मजल्यावरच्या देव्हाऱ्यावर टपकतं. अशा वेळी आमचा माणूस वरच्या नानी ट्रॅपमध्ये रंग ओततो आणि खाली रंग येतो का ते बघत थांबतो. रंग आला की वरचे गृहस्थ महिनाभर खालच्यांना जिन्यात ओळख दाखवत नाहीत. त्यांच्यात प्रत्यक्ष नातं जोडणारा तो पाइप तेवढा एकटा असतो, आणि त्याची माहितीही त्या दोघांपेक्षा प्लंबरलाच जास्त.

अलीकडे अ‍ॅपवरून माणूस मागवता येतो. मला त्याचं कौतुक आहे. तो सांगितलेल्या वेळी येतो, बुटांवर निळ्या पिशव्या चढवतो, ओटीपी विचारतो, भाव आधी दाखवतो. आणि मग आपल्याकडे बघून नम्रपणे प्रश्न करतो, "सर, या लाइनचा मेन व्हॉल्व्ह कुठे आहे?" जगात ही एकच गोष्ट आपल्याला माहीत नसते. तीच माहीत असती तर त्याला बोलावलं कशाला असतं?

आमच्या माणसाची एकच अडचण आहे. कोजागिरीला केंद्रापाड्यात गजलक्ष्मीची मोठी पूजा असते, मंडप, रोषणाई, सगळा जिल्हा लोटतो. तो त्यासाठी गावी जातो आणि दिवाळी उलटल्याशिवाय परतत नाही. म्हणजे चार महिने धूळ खात पडलेले गीझर वसईकर ज्या पंधरवड्यात पहिल्यांदा चालू करतात, नेमका तोच पंधरवडा.

गेल्या नरक चतुर्दशीला पहाटे आमच्या विंगमध्ये एका घरात गीझरच्या मागचा जॉइंट सुटला. पाणी हॉलमध्ये, हॉलमधून जिन्यात, जिन्यातून खालच्यांच्या रांगोळीवर. बंद करायचं तर गच्चीवर जायला हवं, कारण टाकीतून खाली येणाऱ्या सगळ्या लाइनींचे व्हॉल्व्ह तिथे ओळीनं आहेत. गंजलेले, एकसारखे, एकावरही नाव नाही. वॉचमन चावी घेऊन आला. अ‍ॅपवरचा मुलगा निळ्या पिशव्यांसकट वर आला. त्याच्यामागे अर्धी विंग आली, अंगाला तेल, तोंडाला उटणं, कमरेला पंचा. सेक्रेटरींच्या कपाळावर औक्षणाचा ओला टिळा होता आणि त्याच अवस्थेत ते, "कोणीही कशाला हात लावू नका," असं ओरडत होते.

मी केंद्रापाड्याला व्हिडिओ कॉल लावला. आश्चर्य म्हणजे त्यानं उचलला. आमच्याकडे अजून मिट्ट काळोख, त्याच्याकडे झुंजुमुंजू झालं होतं. ओडिशात सूर्य आपल्यापेक्षा जवळजवळ तासभर आधी उगवतो. तोंडात दातवण, मागे भाताचं शेत.

"काका, टाकी को पीठ करके खडा रहो," तो म्हणाला. "अब बायें से तीसरा. नहीं नहीं, वो नहीं, वो तो पहले से खराब है. उसके पीछे देखो. झुकके देखो. लाल वाला."

लाल वाला आम्हाला कोणालाच कधी दिसला नव्हता. टाकीच्या सावलीत, मागच्या वर्षीच्या रंगकामात पांढरा झालेला. अ‍ॅपवरच्या मुलानं तो फिरवला आणि खालून, चौथ्या मजल्यावरून, "बंद झालं!" असा बायकांचा एकत्र आवाज आला. मोबाइलच्या पडद्यावर आमच्या माणसानं त्या मुलाला नीट निरखलं आणि मला सांगितलं, "जॉइंट ये कर लेगा. लेकिन गिझर का अंदर का हाथ मत लगाने देना. वो मैं आके देखूंगा."

डिसेंबरच्या सर्वसाधारण सभेत सेक्रेटरींनी ठराव मांडला की इमारतीच्या संपूर्ण पाइपलाइनचा नकाशा तयार करून घ्यावा, व्हॉल्व्हना पाट्या लावाव्यात आणि त्यासाठी बाहेरच्या तीन प्लंबरकडून कोटेशनं मागवावीत. ठराव एकमतानं मंजूर झाला, जे आमच्याकडे फक्त श्रद्धांजलीच्या ठरावाचं होतं. सेक्रेटरींनी हार्डवेअरच्या शेठकडून तीन नंबर घेतले. त्यातल्या दोघांनी, "ती बिल्डिंग होय? मग यालाच विचारा," म्हणून आमच्या माणसाचा नंबर पाठवला. तिसरा नंबर त्याचाच होता.